आइसलँडमध्ये स्वतः गाडी चालवत पाच दिवस: कोल्हापुरातून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

भाड्याची गाडी घेऊन आइसलँडचा दक्षिण किनारा, म्हणजे ज्वालामुखी, हिमनद्या आणि काळी वाळू बघायला निघालेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

पाच दिवसांत अख्खं बेट फिरून होतं का?

होत नाही. बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, म्हणजे रिंग रोड, साधारण १,३२० किलोमीटरचा आहे. भागाकार केला तर रोजचे २६५ किलोमीटर येतात आणि आपल्याला ते किरकोळ वाटतात. पण हा हिशोब वाऱ्याला धरून केलेला नसतो. एक दिवस वादळाने रस्ता बंद झाला की उरलेले चार दिवस नुसतं स्टेअरिंग हातात राहतं आणि बघायचं सगळं काचेतून बघावं लागतं.

त्यापेक्षा राजधानी रेक्याविकपासून योकुल्सारलोन या हिमखंडांच्या तळ्यापर्यंत जा आणि त्याच रस्त्याने परत या. एका बाजूचं अंतर साधारण ३८० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर-मुंबई. त्याच रस्त्याने परतणं काहींना कमीपणाचं वाटतं. पण जाताना ढगात बुडालेली हिमनदी येताना लख्ख दिसते, हे त्या रस्त्यावर अगदी रोजचं आहे.

मुक्काम कसे लावावेत?

उतरल्याच्या दिवशी केफ्लाविक विमानतळ ते रेक्याविक एवढे ५० किलोमीटरच चालवा. भारतातून थेट विमान नाही. कोल्हापूर सोडल्यापासून तिथे पोचेपर्यंत चोवीस तास सहज जातात, आणि तेवढ्या जागरणावर उजव्या बाजूने गाडी चालवणं हा पहिलाच मोठा धोका असतो.

दुसऱ्या दिवशी थिंगवेट्लिर (जुन्या संसदेची जागा), गेसिरचे उकळते झरे आणि गुट्लफॉस धबधबा करून सेल्फॉस किंवा हेट्ला इथे राहा. तिसऱ्या दिवशी सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे, सोलहेमायोकुट्ल हिमनदी, रेनिस्फ्याराचा काळा किनारा आणि वीक गावात मुक्काम. चौथ्या दिवशी वीकहून हिमनद्यांच्या पायथ्याचं स्काफ्ताफेट्ल आणि योकुल्सारलोन, जेमतेम २०० किलोमीटर. तिकडे हॉटेलं मोजकी आहेत, त्यामुळे सगळ्यात आधी हीच रात्र बुक करा. ती मिळाली नाही तर मागे क्लौस्तुरला या. (नकाशावर हे गाव किर्क्युबायारक्लौस्तुर असं लांबलचक दिसेल, तिथले लोकही क्लौस्तुरच म्हणतात.) पाचव्या दिवशी परत. परतीचं विमान सहाव्या दिवसाचं घ्या, पाचव्या संध्याकाळचं नको.

कोणता महिना चांगला?

आमच्या मते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. रस्ते सहसा मोकळे असतात, गर्दी ओसरते आणि रात्र पुरेशी काळोखी होते, त्यामुळे ढग नसले तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात जायचं असेल तर शेवटचा आठवडा धरा. उजेड अठरा तासांहून जास्त असतो. मात्र तेव्हा ध्रुवीय प्रकाशाची आशा सोडा. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम चार तासांचा आणि रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर. बर्फावर कधी गाडी चालवली नसेल तर हिवाळ्यात बसची सहल घ्या.

व्हिसा कुठे आणि केव्हा?

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि पंधरा दिवस ही शेवटची मुदत. उन्हाळ्यासाठी दोन-तीन महिने आधी हालचाल करा, कारण अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. कोल्हापुरात केंद्र नाही, बोटांचे ठसे द्यायला मुंबई गाठावी लागते. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसवर विसंबून राहू नका, एक दिवस आधीच पोचा. फी प्रौढांना ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट शेंगेनमधून निघाल्यावरही तीन महिने चालणारा असावा.

वाटेत दुसऱ्या देशात थांबत असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर आधी ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम बघा. शेंगेन व्हिसा म्हणजे ब्रिटनचा व्हिसा नव्हे.

आपलं लायसन्स चालतं का?

नाव, नंबर, मुदत इंग्रजी लिपीत असलेलं आणि फोटो असलेलं भारतीय लायसन्स चालतं. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढाच. काउंटरवरचा माणूस जुनं, पुसट झालेलं कार्ड बघून अडून बसला तर तिथे काही करता येत नाही. परिवहन खात्याच्या पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४-ए, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची प्रत, फी १,००० रुपये. परवाना एक वर्ष चालतो. एमएच-०९ चं लायसन्स असेल तर काम कोल्हापूर आरटीओतच होतं. मूळ लायसन्स सोबत नसेल तर हा परवाना कागदाचा तुकडा आहे. बहुतेक भाडे कंपन्या साध्या गाडीला वय किमान २० आणि मोठ्या फोर-बाय-फोरला २३ मागतात.

गाडी कोणती घ्यावी?

या मार्गाला उन्हाळ्यात साधी हॅचबॅकही पुरते. सगळा रस्ता डांबरी आहे. फोर-बाय-फोर लागते ती आतल्या डोंगरांत, ज्या रस्त्यांच्या नंबरआधी ‘एफ’ असतो तिथे. साध्या गाडीने एफ रस्त्यावर जाणं बेकायदा आहे आणि विमाही रद्द होतो.

ऑटोमॅटिक मात्र घ्याच. स्टेअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, इंडिकेटरची दांडी डावीकडे: पहिला दिवसभर वळताना वायपर फिरत राहतात. त्यात क्लचची भर नको. मोठी कॅम्परव्हॅन घ्यायचा मोह होतो, पण वाऱ्यात तिचा पत्रा शिडासारखा काम करतो.

मुलं सोबत असतील तर १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे. बुकिंग करतानाच मागून घ्या.

विम्याचे इतके प्रकार असतात, नेमका कोणता घ्यावा?

सीडीडब्ल्यू हा मूळ विमा भाड्यातच असतो, पण त्यात नुकसानीचा सुरुवातीचा मोठा भाग तुम्हीच भरायचा असतो. तो भाग कमी करणारा विमा घ्या. खडीचा विमा, म्हणजे ग्रॅव्हल प्रोटेक्शन, घ्या: पार्किंगकडे जाणारे फाटे अनेकदा खडीचे असतात आणि समोरच्या गाडीच्या चाकातून उडालेला दगड काचेवर चांदणीसारखा तडा पाडतो. वाळू-राखेचा विमा दक्षिण किनाऱ्यासाठी महत्त्वाचा. वीकच्या पुढे मिर्दाल्ससांदुर आणि स्केदारारसांदुर ही मोकळी काळी मैदानं आहेत. जोराच्या वाऱ्यात तिथली वाळू गाडीचा एका बाजूचा रंग पॉलिश पेपरने घासावा तसा काढते.

आणि आता जे सहसा कुठल्याच विम्यात नसतं ते: वाऱ्याने उलटं वळलेलं दार, गाडीखाली लागलेला दगड, नदीत घातलेली गाडी आणि चुकीचं इंधन. करारात ही ओळ शोधून वाचा. किलोमीटरमागे वेगळा कर लागतो का, तेही तिथेच विचारा.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काच, चाकांच्या रिम आणि छत यांचा व्हिडिओ काढा. पाऊस असेल तर आधी पुसा. ओल्या रंगावर ओरखडा दिसत नाही.

वाऱ्याची एवढी भीती कशासाठी? पन्हाळ्यावरही वारा असतोच की.

पन्हाळ्यावरचा वारा टोपी नेतो, हा गाडीचं दार नेतो. आइसलँडमध्ये भाड्याच्या गाडीचा मोठा खर्च बऱ्याचदा दारामुळेच होतो. वारा मागून येत असताना दार थोडं उघडलं की तो आत शिरतो आणि दार पुढच्या पत्र्यावर आदळतो. बिजागरी वाकते, दार बंद होत नाही, आणि सहल तिथेच थांबते.

उपाय सोपा आहे. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा, म्हणजे वारा दार मिटवायला बघतो. उतरताना एका वेळी एकानेच दार उघडायचं, दोन्ही हातांनी धरून. मागे बसलेल्या मुलांचं दार मोठ्याने बाहेरून उघडायचं. हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्या.

तिथला हवामान अंदाज वारा मीटर प्रति सेकंदात देतो. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. १५ म्हणजे ताशी ५४ : गाडी बाजूला ढकलली जाते, वेग कमी करा. २० म्हणजे ७२ : उंच गाडी असेल तर थांबा. २५ म्हणजे ९० : कुठलीच गाडी काढू नका. सरासरीपेक्षा झोताचा आकडा बघा, कारण डोंगराच्या कडेवरून, विशेषतः एयाफ्यात्लायोकुट्ल या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, झोत अचानक सुटतो. समोरून ट्रक गेला की क्षणभर वारा अडतो आणि लगेच परत आदळतो. दोन्ही हात स्टेअरिंगवर हवेत.

रस्त्याचे कोणते नियम आपल्या सवयीच्या उलट आहेत?

गाडी उजवीकडून. दिवे दिवसाही लावलेले. गावात ताशी ५०, खडीवर ८०, डांबरावर ९०. दंड जबर आहे. दारूचा एक घोटही घेऊन गाडी चालवू नका.

दोन पदरी चौकात, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्याला पहिला मान असतो. बाहेरच्या पदरात असाल तर त्याला वाट द्या. रेक्याविकमध्ये नवख्यांच्या गाड्या इथेच घासतात.

‘आइनब्रेद ब्रू’ अशी पाटी म्हणजे पुढे एकेरी पूल. जो आधी पोचेल तो जाईल. थोडी जरी शंका वाटली तर थांबा. आपल्याकडे घाटात लांबून अप्पर-डिप्पर मारून ‘मी येतोय’ सांगतात, तिथे त्याच खुणेचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुम्ही या’ असा घेतला जातो. ‘ब्लिंदहाएद’ म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ, उजवी कड धरा. ‘मालबिक एन्दार’ म्हणजे डांबर संपलं. ही पाटी दिसली की डांबरावर असतानाच वेग कमी करा. खडीवर गेल्यावर ब्रेक मारला तर गाडी घसरते, आणि उलटणाऱ्या गाड्या बऱ्याचदा अशाच उलटतात.

उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या फिरतात. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर ते आईकडे धावणारच, असं धरून चाला. फोटोसाठी रस्त्यात किंवा कडेला थांबू नका. रस्त्याची कड अरुंद असते आणि मागचा ९० ने येत असतो. रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालणं हा गुन्हा आहे.

पेट्रोल पंपावर माणूस नसतो म्हणे?

बऱ्याच ठिकाणी नसतो. कार्ड आणि चार आकडी पिन लागतो. पिन नसलेलं कार्ड पंप घेत नाही. काही फॉरेक्स कार्डं मशीन नाकारतं, म्हणून दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा. मशीन आधी मोठी रक्कम अडवून ठेवतं, नंतर खरी तेवढीच कापतं. झाकणाच्या आतल्या बाजूचं स्टिकर वाचा: ‘बेन्सिन’ म्हणजे पेट्रोल, ‘दिसेल’ म्हणजे डिझेल.

वीक, क्लौस्तुर आणि स्काफ्ताफेट्लजवळचं फ्रेसनेस इथे पंप आहेत. योकुल्सारलोनला नाही. टाकी अर्धी झाली की भरा.

आपला दगड आणि तिथला दगड एकच का?

जवळजवळ एकच: बेसाल्ट. अंबाबाईचं देऊळ ज्या काळ्या पाषाणाचं आहे तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आइसलँडचा काही दगड कालपरवाचा आहे. हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर जायच्या आधी पन्हाळ्याजवळच्या बांदिवड्याला जाऊन या. तिथे लाव्हा थंड होताना आकसून पडलेले बहुकोनी दगडी खांब आहेत. रेनिस्फ्याराच्या गुहेशी तसेच खांब, अजून कोरे, कडा शाबूत असलेले उभे आहेत.

क्लौस्तुरच्या आधी रस्ता एल्द्हरौन या लाव्ह्याच्या पठारातून जातो. १७८३ साली, आपल्याकडे सवाई माधवराव पेशवे असताना, लाकी या ज्वालामुखीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला आणि साधारण ५६५ चौरस किलोमीटर जमीन झाकली गेली. आज त्यावर राखाडी-हिरवं शेवाळं आहे, वीतभर जाड, बोटाने दाबलं तर उशीसारखं दबणारं. पायाखाली तुडवलं तर भरून यायला कित्येक दशकं लागतात. नेमलेल्या पायवाटेवरूनच बघा.

थिंगवेट्लिरला उत्तर अमेरिकेची आणि युरेशियाची भूपट्टं वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर वेगाने दूर सरकतात. सन ९३० पासून आइसलँडची संसद इथेच भरायची. पुढे गेसिरला स्त्रोक्कुर हा झरा दर पाच-दहा मिनिटांनी १५-२० मीटर उंच उकळतं पाणी फेकतो. आपल्या न्हाणीघरातल्या गीझरचं नाव या गेसिरवरूनच आलं आहे. पाणी उडण्याच्या आधी तोंडावर निळसर फुगा धरतो. कॅमेरा तेव्हा चालू करा, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा.

ज्वालामुखी फुटला तर अडकून पडू का?

कुठला फुटतो त्यावर अवलंबून आहे. रेक्यानेस द्वीपकल्पात २०२१ पासून वारंवार भेगा उघडल्या. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं करावं लागलं. पण तिथे लाव्हा वाहतो, राख फारशी उडत नाही, म्हणून विमानतळ जवळ असूनही विमानं सहसा चालू राहतात. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुट्ल फुटला तो बर्फाखाली. तप्त लाव्ह्याला पाणी भेटलं की त्याचा स्फोट होऊन बारीक राख होते. त्या राखेने युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर बंद ठेवली.

बर्फाखालचा ज्वालामुखी आणखी एक गोष्ट करतो, ती कोल्हापूरकराला समजावून सांगावी लागत नाही: पूर. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका असं पाणी चढताना दिसतं; आवराआवर करायला वेळ मिळतो. १९९६ च्या सप्टेंबरअखेर वात्नायोकुट्ल या हिमटोपीखाली उद्रेक झाला, वितळलेलं पाणी महिनाभर बर्फाखाली साठत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला एकदम सुटलं. काही तासांत पूल गेले. स्काफ्ताफेट्लजवळ त्या पुलाचे पिळवटलेले लोखंडी गर्डर रस्त्याकडेला ठेवले आहेत. पाच मिनिटं थांबून त्यांची जाडी बघा. मोबाइलवर जागा सोडण्याचा संदेश आला तर त्याबरहुकूम लगेच उंचावर निघायचं.

हिमनदीवर आपलं आपण चढता येतं का?

कडेपर्यंत चालत जा, बर्फावर पाऊल ठेवू नका. भेगांवर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो, वरून काही कळत नाही. सोलहेमायोकुट्लवर वाटाड्याबरोबर तीनेक तासांची सोपी चाल मिळते. बुटांना लावायचे काटे, हेल्मेट आणि कुऱ्हाड तेच देतात. घोटा झाकणारे कडक तळाचे बूट मात्र हवेत, कारण मऊ बुटांवर काटे बसत नाहीत. कोल्हापुरी चप्पल घरीच राहू द्या.

बर्फाच्या नैसर्गिक गुहा हिवाळ्यात बघायच्या, साधारण नोव्हेंबर ते मार्च. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ब्रेदामेर्कुरयोकुट्ल या हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला. उन्हाळ्यात कुणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

योकुल्सारलोन हे तळंच १९३० च्या दशकात हिमनदी मागे सरकल्यामुळे तयार झालं. तरंगणाऱ्या हिमखंडावर चढायचं नाही, तो क्षणात पलटतो. निळा रंग बघायचा असेल तर नुकताच पलटलेला खंड शोधा: वरचा भाग हवेने पांढरा झालेला असतो, पाण्याखालचा काचेसारखा निळा.

रेनिस्फ्याराला लाटांची भीती खरी आहे का?

खरी आहे, तिथे माणसं गेली आहेत. चार-पाच साध्या लाटा येतात आणि मग एक लाट त्यांच्यापेक्षा कितीतरी आत घुसते. पाय ओढला जातो आणि काळी बारीक खडी पायाखालून सरकते. पार्किंगपाशी इशाऱ्याचा दिवा आहे, त्याचं ऐका. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. मुलांचा हात सोडायचा नाही.

शाकाहारी माणसाचं काय?

स्वयंपाकघर असलेली गेस्टहाउस निवडा. ‘बोनुस’ आणि ‘क्रोनान’ या दुकानांत भात, डाळ, भाज्या, दही, ब्रेड मिळतं. ‘स्कीर’ हे आपल्या चक्क्याच्या जवळचं आहे. कांदा-लसूण चटणी, भडंग, शेंगदाण्याची चटणी घट्ट बंद डब्यात न्या. कच्चं मांस आणि कच्च्या दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. वीकच्या पुढे दुकानं विरळ होतात, त्यामुळे सेल्फॉसलाच दोन दिवसांचा किराणा भरा.

नळाचं गार पाणी थेट प्या, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला बऱ्याच ठिकाणी कुजक्या अंड्याचा वास येतो. ते जमिनीखालचं गंधकाचं पाणी आहे, अंघोळीला चांगलं, चहाला नको. हुपरीची चांदी अंगावर असेल तर आधी काढून ठेवा. पैंजण आणि जोडवी एका अंघोळीत काळवंडतात.

कपडे?

गगनबावड्याच्या पावसाचा अंदाज धरा, फक्त तो आडवा पडतो. छत्री निरुपयोगी. आत लोकरीचा थर, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. सुती जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. सेल्यालांड्सफॉसच्या मागून जायची वाट आहे, तिथे उन्हाळ्यातही नखशिखान्त भिजायला होतं.

पार्किंगचे पैसे कुठे भरायचे?

बहुतेक प्रसिद्ध जागी कॅमेरा नंबर प्लेट टिपतो. पैसे ‘पार्का’सारख्या अ‍ॅपवर किंवा तिथल्या मशीनवर भरायचे. माणूस दिसत नाही म्हणून फुकट नसतं. भरलं नाही तर भाडे कंपनी दंड आणि स्वतःचा आकार कार्डावरून वसूल करते.

रोज सकाळी काय बघून निघावं?

‘वेदुर डॉट आयएस’ वर वारा, ‘उम्फेर्दिन डॉट आयएस’ वर रस्ते, ‘सेफट्रॅव्हल डॉट आयएस’ वर इशारे. रस्त्यांची माहिती फोनवर १७७७ ला मिळते, संकटात ११२. नाश्त्याआधी एकदा आणि दुपारी एकदा बघा.

गाडी परत देताना काय अडतं?

टाकी भरून द्या आणि पंपाची पावती जपून ठेवा. बऱ्याच पंपांवर गाडी धुवायला पाणी आणि ब्रश फुकट असतो, तिथे चिखल काढा. अति मळलेल्या गाडीचे धुण्याचे पैसे लावतात. काही कंपन्यांचं ऑफिस विमानतळापासून लांब असतं आणि तिथून शटल घ्यावी लागते. त्यामुळे विमानाच्या तीन तास आधी गाडी ताब्यात देता येईल असं निघा, आणि सोडण्यापूर्वी पहिल्या दिवशी काढला तसाच व्हिडिओ पुन्हा काढा.